पळसाचे पहिले फूल : आडगाव–मनुदेवी रस्त्यावरील नोंदी, २०२५

५ जानेवारी, रविवार

आजपासून कामाला सुरुवात केली. जळगाव जिल्ह्याच्या यावल तालुक्यात आडगावहून मनुदेवीच्या मंदिराकडे जाताना केळीचे शेवटचे मळे संपतात आणि सातपुड्याचा मुरमाड पायथा लागतो, तेथला साधारण तीन किलोमीटरचा टप्पा आम्ही निवडला आहे. नववीचे पाच विद्यार्थी आणि मी दर रविवारी सकाळी सात वाजता येथे येऊन हिवाळ्याच्या अखेरीस कोणते झाड कधी फुलते याची नोंद करणार आहोत. झाडे चोवीस आहेत: चौदा पळस, सहा काटेसावर, दोन गणेर आणि दोन मोह. आंबा मुद्दाम वगळला, कारण बागेतल्या कलमाचा मोहर हा झाडाइतकाच मालकाच्याही मर्जीचा असतो.

खोडात खिळे ठोकायचे नाहीत हे आधीच ठरले होते, म्हणून छातीच्या उंचीवर गेरूने क्रमांक रंगवले. "पहिले फूल" म्हणजे काय, यावर मात्र अर्धा तास वाद झाला. जमिनीवर उभे राहून दुर्बिणीने दिसेल असे, पूर्ण उमललेले पहिले फूल तेवढेच धरायचे आणि कळीला रंग चढला म्हणून ते फूल मानायचे नाही, असा नियम अखेर वहीच्या पहिल्या पानावर लिहिला. दुसरी तारीख अर्ध्या बहराची, म्हणजे निम्म्या फांद्यांवर फुले दिसू लागतील त्या दिवसाची.

१२ जानेवारी, रविवार

सकाळी हुडहुडी भरावी अशी थंडी होती. मळ्यांतून केळीच्या कडेच्या पानांवर पिवळे पट्टे दिसतात. थंडीचा चरका बसला की बाग कशी मान टाकते, हे येथल्या पोरांना शिकवावे लागत नाही. आमच्या चोवीसपैकी एकही झाड फुललेले नाही. यादीत नसलेली धायटी मात्र नाल्याच्या काठावर फुलू लागली आहे आणि तिच्या लालभडक नळीसारख्या फुलांवर मधमाश्या जमल्या आहेत. आसवे आणि अरिष्टे करताना वैद्य आंबवण्यासाठी जी धातकीची फुले घालतात ती हीच, हे सांगितल्यावर मुलांनी तिलाही यादीत घेण्याचा आग्रह धरला. मी नकार दिला. यादी रोज वाढली तर शेवटी हाती काही लागत नाही.

फुलांच्या रकान्यात सगळीकडे शून्य लिहून कंटाळलेल्या एका विद्यार्थिनीने स्वतःच्या वहीत "पाने किती शिल्लक" असा आणखी एक रकाना आखला आणि प्रत्येक झाडापुढे पूर्ण, अर्धी, थोडी किंवा नाही यांपैकी एक शब्द लिहीत गेली. काही बिघडत नसल्यामुळे राहू दिला.

१९ जानेवारी, रविवार

फूल नाही. टेकडीवरच्या पळसांची पाने झपाट्याने गळत आहेत. दुर्बिणीचा पट्टा तुटला.

२६ जानेवारी, रविवार

ध्वजवंदन आटोपून यायला नऊ वाजले. नाल्याच्या वळणावरच्या क्रमांक १७ च्या काटेसावरीवर सहा फुले उमललेली दिसली. ती आज उमलली असतील की गेल्या सोमवारी, हे आम्हांला कळण्याचा मार्ग नाही. आठवड्यातून एकदाच येणाऱ्या माणसाच्या नोंदीत सहा दिवसांची चूक जन्मतःच असते, आणि ती मान्य करून "१९ नंतर, २६ पर्यंत" असे लिहिणे हाच प्रामाणिकपणा आहे. एका मुलाला नुसतीच २६ तारीख लिहायची होती, कारण ती दिसायला नेटकी दिसते. त्याला समजावले.

सावरीचे फूल पाकळी पाकळी करून झडत नाही, अख्खे पडते. त्यामुळे खाली पडलेले ताजे फूल उचलून वाटीसारखे हातात धरता आले. खाली जाड, चामड्यासारखा निदलपुंज, त्यातून बाहेर वळलेल्या पाच लाल, मेणचट पाकळ्या, आणि मध्ये पुंकेसरांची गर्दी. मोजायला घेतले तेव्हा सत्तरच्या वर भरले. कडेने त्यांचे पाच वेगळे झुबके आणि मधोमध एक दाट झुबका अशी त्यांची रचना आहे. तळाशी पाण्यासारखा मधुरस साचला होता. ज्या फांदीखाली आम्ही उभे होतो तिच्यावर साळुंक्या, कोतवाल आणि बुलबुल यांचे भांडण चालले होते, आणि कोतवालाच्या कपाळावर पिवळे पराग स्पष्ट दिसत होते.

झाडावर पान एकही नाही. नाल्याला अजून ओल आहे, तरीही नाही. हे वाक्य पुढे कामी येईल असे वाटल्याने मुद्दाम लिहून ठेवतो.

२ फेब्रुवारी, रविवार, वसंत पंचमी

पंचांगात वसंत आला असला तरी आमच्या पळसांवर तो अजून काळ्या मखमली टोप्या घालून बसला आहे. निष्पर्ण काटक्यांवर ओळीने लागलेल्या, बोटाच्या पेराएवढ्या शेवाळी-काळपट कळ्या पाहिल्या की हे झाड वाळले आहे असेच अनोळखी माणसाला वाटेल.

परतताना एका विद्यार्थ्याने विचारले की बर्फाच्या देशांतही हिवाळा संपताना पहिली फुले येतात, तर ती आणि ही सारखीच का? प्रश्न चांगला होता, म्हणून वाटेवर बसून बोललो. तिकडच्या स्नोड्रॉप किंवा क्रोकससारख्या वनस्पती जमिनीखालच्या कंदात आदल्या वर्षी अन्न साठवून ठेवतात आणि वरच्या झाडांना पालवी फुटून सावली पडण्याआधीचा उजेड गाठतात. तेथे झगडा थंडीशी आणि सावलीशी असतो. आपल्याकडे झगडा पाण्याशी आहे, आणि फुलतात ती जमिनीलगतची रोपटी नव्हेत तर मोठी झाडे. पाने टाकून दिल्यामुळे त्यांचा पाण्याचा खर्च थांबतो आणि पानांची आड नसल्यामुळे फुले दुरून पक्ष्यांना दिसतात.

पहिल्या फुलांच्या तारखा लिहिण्याची हौसही तिकडे जुनी आहे. इंग्लंडमधील नॉरफोक परगण्यात रॉबर्ट मार्शम या गृहस्थाने १७३६ साली वसंताच्या खुणा लिहायला सुरुवात केली, आणि त्याच्या पश्चात त्याच्या घराण्याने त्या नोंदी १९५८ पर्यंत चालू ठेवल्या. त्या खुणांमध्ये स्नोड्रॉपचे पहिले फूलही होते. एवढी वर्षे एकाच ठिकाणी, एकाच पद्धतीने लिहिले म्हणूनच त्या वहीला किंमत आली. आमची वही चार आठवड्यांची आहे.

९ फेब्रुवारी, रविवार

पळस फुलला. टेकडीच्या दक्षिण उतारावरच्या क्रमांक ३ वर अकरा आणि क्रमांक ४ वर दोन फुले मोजली. दोन्ही झाडे मुरमात उभी आहेत आणि दोन्हींच्या पानांच्या रकान्यात १९ जानेवारीपासून "नाही" असा शब्द आहे.

खाली पडलेले एक फूल घेऊन उलगडले. वर उभा ध्वज, बाजूंना दोन पंख, आणि खालच्या दोन पाकळ्या जुळून झालेली, राघूच्या चोचीसारखी वाकडी नौका. "किंशुक" म्हणजे "हा पोपट तर नव्हे?" असे नाव संस्कृतात का पडले असावे ते या नौकेकडे पाहिल्यावर सांगावे लागत नाही. करंगळीने नौका हळूच खाली दाबली की आतले पुंकेसर आणि कुक्षी बाहेर येऊन बोटाला टेकतात. पक्षी मधुरसासाठी चोच घालतो तेव्हा त्याच्या कपाळाशी नेमके हेच होते. दहा पुंकेसरांपैकी नऊ एकत्र जुळलेले आणि एक सुटा असतो. पुस्तकात वाचलेला तो सुटा पुंकेसर टाचणीने वेगळा करून दाखवल्यावर मुलांना विलक्षण आनंद झाला. वास मात्र कोणालाच आला नाही, कारण तो नसतोच. पक्ष्यांना रंग पुरतो.

१६ फेब्रुवारी, रविवार

आजचा दिवस वाया गेला. रस्त्याच्या कामावरच्या कोणा ठेकेदाराच्या माणसांनी आठवड्यात कधीतरी रस्त्याकडेच्या सगळ्या झाडांना चुन्याचे आणि गेरूचे पट्टे मारले आणि आमचे अकरा क्रमांक त्यांखाली गडप झाले. काहींच्या बाबतीत शंका नव्हती. परंतु एकमेकांना लागून उभे असलेले क्रमांक ९, १० आणि ११ हे पळस ओळखताना आमच्यातच मतभेद झाले. शेवटी पानांच्या रकान्याने सोडवले, कारण तिघांपैकी एकाच झाडाला आम्ही तीन आठवडे "पूर्ण" लिहीत आलो होतो आणि ते आजही हिरवेगार उभे होते. राहिलेल्या दोघांसाठी जानेवारीत काढलेली छायाचित्रे घरी जाऊन ताडून पाहिली. चूक आमचीच म्हणायची: रस्त्याकडेच्या झाडावर गेरूने लिहायचे आणि त्यावर कोणी गेरू फासणार नाही अशी आशा धरायची, हे भाबडेपणाचे होते. यापुढे फांदीला सैल सुतळीने पत्र्याची चकती बांधणार आणि प्रत्येक झाड रस्त्यापासून किती पावलांवर आहे तेही लिहिणार.

२३ फेब्रुवारी, रविवार

आजच्या दिवसाला अधिक जागा देतो.

टेकडीवरचे सहाही पळस आता अर्ध्या बहरात आहेत. क्रमांक ७ चा पळस क्रमांक ३ पासून आमच्या पावलांनी साडेतीनशे पावलांवर, केळीच्या मळ्याच्या बांधावर आहे. त्याच्यावर आज एकही फूल नाही, उलट निम्मी पाने अजून टिकून आहेत. ऊन तेच, थंडी तीच, वाराही तोच. क्रमांक ८ सुद्धा बांधावरच आहे, पण त्याच्यावर आज पहिली चार फुले दिसली. दोन बांधांवरच्या दोन झाडांत एवढा फरक का, हे आम्हांला उमगेना.

मळ्याचे मालक नाना पाण्याची नळी सरळ करीत होते, त्यांना विचारले. ते म्हणाले, "अहो गुरुजी, त्या आठ नंबरच्या बाजूची केळी संक्रांतीच्या आधीच कापली. तेव्हापासून तिथली नळी बंद आहे. हा सात नंबर तं अजून रोज पितो." आणि हसून पुढे म्हणाले, "झाड काय तारीख पाहतं का? त्याच्या मुळाला काय मिळतं ते पाहा."

म्हणजे तीन झाडांच्या मुळांशी तीन तऱ्हेचे पाणी होते. मुरमावरच्या झाडाचे पाणी दिवाळीनंतर आटत गेले, आठ क्रमांकाचे संक्रांतीच्या सुमारास तुटले, आणि सात क्रमांकाला ठिबकच्या नळीतून रोज ओल मिळते. पानेही त्याच क्रमाने गळाली आणि फुलेही त्याच क्रमाने आली. कोरड्या पानझडी जंगलातील झाडांविषयी शास्त्रात जे सांगितले जाते त्याच्याशी हे जुळते. जमीन सुकली की झाड पाने टाकते, पानांवाटे होणारा पाण्याचा व्यय थांबतो, खोडात आणि फांद्यांत उरलेले पाणी पुन्हा भरून येते, आणि मग आधीच तयार होऊन थांबलेल्या कळ्या फुगतात. कंटाळ्यातून आखलेला तो रकाना आता आमच्या वहीतला सर्वांत कामाचा रकाना आहे, हे मी त्या विद्यार्थिनीला सर्वांसमक्ष सांगितले.

दोन अडचणी मात्र आहेत. पहिली, नाल्याकाठच्या सावरीची. तिच्या मुळाशी ओल असूनही ती जानेवारीतच पाने टाकून फुलली. सावरीचे लाकूड हलके आणि सच्छिद्र असून त्यात पाणी भरपूर साठते, त्यामुळे ती बाहेरच्या ओलीवर पळसाइतकी अवलंबून नसावी. पळसाचा नियम तिला लावता येणार नाही. दुसरी अडचण क्रमांक ९ ची. तो मुरमावर आहे, कोणी पाणी देत नाही, तरीही हिरवागार आहे. जवळ जाऊन पाहिले तेव्हा उलगडा झाला. गेल्या वर्षी कोणीतरी त्याच्या बहुतेक फांद्या छाटल्या असून आताचे सगळे शेंडे नवे, जोमदार आणि मोठ्या पानांचे आहेत. अशा फांद्यांवर यंदा फूल येईल असे वाटत नाही. तक्त्यात ठेवले, पण सरासरीतून काढले.

२६ फेब्रुवारी, बुधवार, महाशिवरात्र

सुटी असल्याने एकटाच जाऊन आलो. क्रमांक २१ च्या गणेरीवर पहिले फूल दिसले. कातळाच्या कडेला, पान नसलेल्या वाकड्या फांदीच्या टोकाशी तळहाताएवढे हळदीच्या रंगाचे फूल. गणेरीत मधुरस नसतो. मधमाशी पुंकेसराला बिलगून पंख थरथरवते आणि त्या कंपाने परागकोशाच्या छिद्रातून पराग झडतात. माशी बिलगली की तिची गुणगुण एकदम चिरकी होते. दहा मिनिटे तेच ऐकत बसलो.

२ मार्च, रविवार

वर्तमानपत्रात बातमी आहे की भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या म्हणण्यानुसार यंदाचा फेब्रुवारी देशात १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण फेब्रुवारी ठरला आणि सरासरी तापमान नेहमीपेक्षा १.३४ अंशांनी अधिक राहिले. बातमी वाचून आलेल्या मुलांनी लगेच निष्कर्ष काढला की म्हणूनच आपला पळस ९ तारखेला, म्हणजे लवकर फुलला. मी विचारले, लवकर म्हणजे कोणत्या वर्षापेक्षा? आमच्याकडे मागच्या वर्षाची एकही नोंद नाही.

गावात विचारले तर प्रत्येक जण "होळीच्या आसपास पळस फुलतो" असे सांगतो आणि ते खोटे नाही, परंतु होळी स्वतःच जागेवर राहत नाही. २०२४ साली ती २४ मार्चला होती, यंदा १३ मार्चला आहे. समजा, एखादे झाड दोन्ही वर्षी १५ फेब्रुवारीलाच फुलले, तर गेल्या वर्षी ते होळीच्या अडतीस दिवस आधी आणि यंदा सव्वीस दिवस आधी फुलले असे दिसेल, आणि तिथीवर लक्ष ठेवणारा म्हातारा शपथेवर सांगेल की यंदा पळस उशिरा फुलला. उष्णतेचा परिणाम नसेलच असे मला म्हणायचे नाही. परंतु साडेतीनशे पावलांच्या अंतरात, एकाच उन्हात, एका नळीमुळे जेथे आठवड्यांचा फरक पडतो, तेथे पाण्याची आणि पानगळीची नोंद न ठेवता केवळ पहिल्या फुलाच्या तारखेवरून हवामानाविषयी बोलणे मला घाईचे वाटते. देशभर चालणाऱ्या सीझनवॉच या उपक्रमात स्वयंसेवक एकाच झाडाच्या फुलांबरोबर पानांचीही नोंद दर आठवड्याला करतात. ती पद्धत आम्ही आधीच उचलायला हवी होती.

९ मार्च, रविवार

होळीआधी भरणाऱ्या भोंगऱ्याच्या बाजारांचे दिवस असल्याने रस्त्यावर पावरा या आदिवासी समाजाच्या लोकांची वर्दळ होती. क्रमांक ७ वर आज अखेर पहिली तीन फुले आली. क्रमांक ३ नंतर बरोबर चार आठवड्यांनी. झाडाची खालची पाने अजून शिल्लक आहेत आणि फुले केवळ पाने गळालेल्या वरच्या फांद्यांवर आहेत, म्हणजे एका झाडातही फांदीगणिक हिशेब निराळा आहे.

टेकडीवरचे पळस आता पूर्ण पेटलेले असून पळसमैनांचे थवे त्यांवर उतरत आहेत. काळे डोके, गुलाबी अंग आणि अखंड कलकलाट. मध्य आशियाच्या बाजूने येणारे हे पाहुणे ज्वारीवर पडले की शेतकरी त्यांना भोरड्या म्हणून शिव्या घालतात आणि पळसावर दिसले की तोच माणूस कौतुकाने थांबतो. खारी अधिक नासधूस करतात. त्या फूल देठाशी कुरतडून तळाचा रस चोखतात आणि टाकून देतात, त्यामुळे खालचा सडा नेहमीच गळून पडलेला नसतो.

१३ मार्च, गुरुवार, होळी

रंगासाठी फुले गोळा केली, परंतु केवळ खाली पडलेली आणि आमच्या यादीत नसलेल्या झाडांखालची. पातेल्यात उकळल्यावर पाणी गर्द पिवळे झाले आणि चुन्याची निवळी थोडी थोडी घातल्यावर नारिंगीकडे झुकत गेले. पांढऱ्या कापडावर डाग पडला, तो दोन धुण्यांत बराच फिका झाला.

२३ मार्च, रविवार

क्रमांक २३ च्या मोहाची फुले पडू लागली आहेत. ती पहाटे गळतात, म्हणून आज पाच वाजता पोहोचलो. अंधारात झाडाखाली टपटप असा आवाज येत होता आणि बॅटरीच्या उजेडात पाचोळ्यावर फिकट पिवळसर, रसाळ, मण्यांसारखी फुले चमकत होती. खरे तर झाड येथे पूर्ण फूल टाकतच नाही. पाकळ्यांची मांसल नळी पुंकेसरांसह सुटून पडते आणि स्त्रीकेसर निदलपुंजासह फांदीवरच राहतो, त्यातून पुढे फळ धरते.

महू वेचायला आलेल्या एका तडवी आजींनी आमच्या आधीच झाडाखालची जागा झाडून घेतली होती. काही जण वेचणे सोपे व्हावे म्हणून पाचोळा पेटवून देतात आणि त्यातून जंगलात वणवा शिरतो. आजी मात्र खराटा घेऊन येतात. आम्ही "पहिले फूल" कधी पडले असे विचारले तेव्हा त्यांनी सांगितले की पहिल्या फुलाला कोण विचारतो, टोपली भरायला लागली की महू आला. आमच्या वहीतल्या "अर्ध्या बहरा"च्या तारखेला आजींच्या या व्याख्येचा आधार आहे असे मला वाटले, आणि आठवड्यातून एकदाच जाणाऱ्या माणसांसाठी तीच तारीख अधिक भरवशाची आहे. पुढच्या वर्षी तीच मुख्य धरायची.

३० मार्च, रविवार, गुढीपाडवा

कडुनिंबाला फुले आली आहेत. सकाळी पाडव्याच्या प्रसादासाठी तीच काढली. क्रमांक ३ वरची फुले संपली असून चपट्या, लवदार, कोवळ्या शेंगा लोंबू लागल्या आहेत. क्रमांक ७ आज कोठे अर्ध्या बहरात आहे. क्रमांक ९ ने यंदा फूल दिलेच नाही.

नानांनी सांगितले की सात क्रमांकाच्या बाजूची केळी येत्या हंगामात काढून तेथे कापूस लावायचा त्यांचा विचार आहे, म्हणजे पुढच्या हिवाळ्यात तेथे ठिबकचे पाणी नसेल. चोवीस पत्र्याच्या चकत्या आज बांधून झाल्या. पानांचा रकाना पुढच्या वर्षी दिवाळीनंतर लगेच सुरू करायचा आहे.